आधी करडा शोध

ऊल्डिस, तो लाल स्वेटर आधी काढ.
थट्टा करत नाही. तुझ्या छातीवरचा लाल
स्क्रीनवर सांडतो,
आणि मग तू बिचाऱ्या फोटोला बोल लावत बसतोस.
एकतीस वर्षं मी या खोलीत करडा झगा घालून काढली.
खालच्या मशीनवाल्यांना वाटायचं, वेल्टा विधवा असणार.

खिडकीचा पडदा ओढ.
जेलगावात फेब्रुवारीत तीन वाजले
की नदीवरचा बर्फ निळा पडतो,
आणि आत बसलेल्याला
सगळी माणसं काविळीची दिसू लागतात.

आता चित्र उघड.
विचारेल: प्रोफाइल नाही, कुठलं लावू?
सवयीने हो दाबू नकोस.
फोन उचल. ज्याने फोटो काढला त्याला विचार.
चिडेल. चिडू दे.
भलतं प्रोफाइल म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून वाचलेलं पत्र,
अक्षरं तीच, कपाळ मात्र ठणकतं.

मग करडा शोध.
असतोच तो कुठेतरी,
बादलीची कड, शिडीचा पाय, अंगणातली फरशी.
त्यावर कर्सर ठेव आणि आकडे वाच.
डोळा खोटारडा नाही रे,
मायाळू आहे, सगळं पोटात घालतो.
सायन थोडा पुढे हवा,
मॅजेंटा आणि पिवळा मागून, बरोबरीने.
मॅजेंटा पुढे घुसला की फरशीला लाज वाटल्यासारखी दिसते.
करडा जागेवर आला की निम्मं घर आवरतं.

गडद सावलीत चारी शाया मिळून
तीनशेच्या वर जाऊ देऊ नकोस.
कागद वाळत नाही, पान पानाला चिकटतं,
आणि रात्री दोनला फोन आपल्यालाच येतो.

कधी प्रोग्रॅम चौऱ्याऐंशी टक्क्यांवर गोठेल.
शिव्या नकोत. फाइलचं नाव बघ.
आपल्या अक्षरांच्या डोक्यावरच्या रेघा
त्याच्या घशात अडकतात.
तालिवाल्दिसच्या नावात अशी एक रेघ आहे.
त्याची बासष्ट चित्रं मी एकेक करून बोडकी केली.

तो रोपवाटिकावाला. तुला सांगितलं नाही ना?
तिसरा प्रूफही नापास केला,
कोटाच्या खिशातून एक सफरचंद काढलं,
दिव्याच्या पेटीत ठेवलं.
"हा रंग," म्हणाला, आणि गेला.
मी बसले. सायन एक काढ, अर्धा घाल,
पिवळा जरा चढव,
देठाजवळची हिरवी छटा तर चिमटीतून निसटायची.
चार दिवस. दिवा रात्रीही चालूच राहिला,
ती माझी चूक.

चौथ्या दिवशी तो आला.
एकदा प्रूफ बघितला, एकदा सफरचंद.
"पिवळा कमी पडलाय."
मी आकडे दाखवले. आकडे बरोबर होते.
त्याने सफरचंद उचललं, नाकाशी धरलं,
बराच वेळ तसंच.
"पिकलंय हे," म्हणाला.
मग खिशातल्या चाकूने दोन फोडी केल्या,
एक माझ्यापुढे सरकवली.
त्या खोलीत खायला बंदी आहे.
खाल्ली.

सही केली त्याने. सहीखाली तारीख नाही घातली,
लिहिलं, मंगळवारचं.

तो प्रूफ खालच्या खणात आहे, फेकू नकोस.
एरवी फारसं काही ठेवून जात नाही मी.
दिव्याच्या तासांची वही तिथेच.
अडीच हजार झाले की दिवा बदल,
चांगला दिसतोय म्हणून थांबू नकोस,
तो हळूहळू पिवळा होतो आणि कुणाला सांगत नाही.

वहीचं शेवटचं पान भरत आलंय.
नवी तू आण. कुठलीही चालेल.
कव्हर तेवढं लाल नको.